२४ वर्षं झाली, यंदा तरी ब्राझीलची आस धरायची का?

परळचा_पिवळा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी २०२६ चालू आहे, फुटबॉल वर्ल्ड कपला आता चार महिनेपण नाही राहिले, मार्चच्या प्ले-ऑफमधून यायच्या त्या सहा जागा सोडल्या तर सगळे संघ ठरलेत, ग्रुपपण पडलेत, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय तो इथे टाकतो कारण ऑफिसात सगळे क्रिकेटवाले.

मी ब्राझीलचा. २००२ ला दहा वर्षांचा होतो, परळला चाळीत राहायचो. इंग्लंडबरोबरची क्वार्टर फायनल शुक्रवारी दुपारी बारा वाजता होती, पोटात दुखतंय सांगून शाळा बुडवली आणि रोनाल्डिन्योची ती लांबवरची फ्री किक त्यांच्या गोलकीपरच्या, सीमनच्या डोक्यावरून आत जाताना बघितली. फायनल रविवारी दुपारी साडेचारला. आमच्या मजल्यावर केबल नीट दिसायची ती एकाच घरात, त्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस तरी जण, बाहेर चपलांचा हा ढीग, आणि मी शिलाई मशिनवर चढून बसलेलो. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान, त्याच्या हातातून बॉल सुटला आणि रोनाल्डोने तो आत ढकलला तेव्हा मशिनचा पायटा जोरात हलला आणि त्या घरच्या काकू ओरडल्या, ते मला गोलइतकंच लख्ख आठवतंय. त्या दिवसापासून पिवळी जर्सी.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहितीये. २००६ ला फ्रान्स, २०१० ला नेदरलँड्स, २०१४ ला घरच्या मैदानात जर्मनीचे सात, २०१८ ला बेल्जियम, २०२२ ला क्रोएशिया. दर वेळी नॉकआऊटमध्ये युरोपचा संघ समोर आला आणि दर वेळी घरी. जर्मनीच्या मॅचला तर एकोणतिसाव्या मिनिटाला पाच झाले होते, रात्रीचे दोन वाजले होते आणि मी टीव्ही बंद केला नाही, का ते आजही सांगता येणार नाही.

आता माझी लेक नऊ वर्षांची आहे. क्रोएशियाच्या मॅचला ती पाच वर्षांची, एक्स्ट्रा टाइममध्ये नेमारने गोल केला तेव्हा मी तिला उचलून नाचवलं, ११७ व्या मिनिटाला पेटकोविचने बरोबरी केली, मग पेनल्टीत गेलो. परवा तिने विचारलं, बाबा ब्राझील कधी जिंकतं? कधी जिंकणार असं नाही, कधी जिंकतं. मला उत्तर सुचेना.

तर प्रश्न असा की अँचेलोत्ती हा इटालियन कोच आल्यामुळे खरंच काही बदललंय का, की आपणच डोळे मिटून आस धरून बसलोय? आणि दुसरं, लेकीला पिवळी जर्सी घेऊन देऊ का तिला तिचं तिचं ठरवू देऊ? मनापासून सांगा.

गोरेगावचा_निळापांढरा

मित्रा, मी अर्जेंटिनावाला, पण तुझी पोस्ट वाचून खरंच वाईट वाटलं, त्यामुळे प्रामाणिकपणे लिहितो.

तुमचा प्रॉब्लेम टॅलेंट हा कधीच नव्हता. व्हिनिसियस आहे, राफिन्या आहे, आणि तो एस्तेव्हाव तर काय खेळतोय, कोरियाविरुद्ध दोन गोल मारले, सेनेगलविरुद्धपण मारला. प्रॉब्लेम हा की कतारनंतर टीटे गेला आणि त्यानंतर तुमच्याकडे मेनेझेस, डिनिझ, डोरिव्हाल आणि आता अँचेलोत्ती, सव्वातीन वर्षांत चार कोच. आमचा स्कालोनी २०१८ पासून तोच. २०१९ च्या कोपात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या कपात, आम्ही तुमच्याकडूनच सेमीफायनलला हरलो तेव्हा त्याला कोणी काढलं नाही, तिथूनच ही टीम घडली. मग २०२१ कोपा, २०२२ वर्ल्ड कप, २०२४ परत कोपा. गेल्या मार्चमध्ये ब्यूनोस आयरेसला आम्ही तुम्हाला ४-१ हरवलं त्या मॅचला मेस्सी नव्हता, लाउतारोपण नव्हता, तरी आमच्या मिडफिल्डने तुम्हाला बॉल दिसू दिला नाही. ते बघ परत एकदा. दुखेल, पण बघ. मिडफिल्डमध्ये तीन जण एकमेकांना न बघता पास देतात ते एका कॅम्पमध्ये नाही येत.

पण हेही सांगतो, आस सोडू नको. २०२२ ला सौदीकडून २-१ हरलो तेव्हा मी त्या संध्याकाळी कोणाचा फोन उचलला नव्हता. आणि पंचवीस-सव्वीस दिवसांनी फ्रान्सबरोबर फायनल. एम्बापेने दीड-दोन मिनिटांत दोन गोल मारून २-२ केलं तेव्हा माझे वडील, ज्यांना फुटबॉल म्हणजे काय हे पण नीट माहीत नाही, ते देवासमोर जाऊन बसले. शेवटच्या मिनिटाला कोलो मुआनी एकटा समोर आला आणि आमच्या गोलकीपरने, मार्टिनेझने डावा पाय काढून अडवला, तो पाय मला अजून झोपेत दिसतो.

डिसेंबरमध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा गेलो होतो. लांबून दिसला, तरी डोळे भरून आले. २४ जूनला तो ३९ चा होईल. यंदा खेळला तर शेवटचंच, आणि १९६२ च्या ब्राझीलनंतर कोणाला कप राखता आलेला नाही, तो आम्ही राखावा एवढंच मागणं आहे. तुमच्याशी फायनलला गाठ पडली तर तुझ्या लेकीला माझ्याकडून आधीच सॉरी.

नेरूळ_लोकल

मी कुठल्याच एका संघाचा नाही असं लोक म्हणतात पण तसं नाहीये, मी २५ ऑक्टोबर २०१७ पासून स्पेनचा आहे. अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमीफायनल आपल्या डी. वाय. पाटीलला होती, स्पेन आणि माली. तिकीट स्वस्त होतं म्हणून मित्राबरोबर गेलो. मालीची पोरं धिप्पाड, वेगात, आणि स्पेनची पोरं अंगाने त्यांच्यापुढे काहीच नाही, पण बॉल आला की आधी मान वळवून मागे बघायची, मग पहिला टच, मग पास, आणि हे प्रत्येक जण करत होता, गोलकीपरसकट. ३-१ जिंकले. तिसरा गोल फेरान टोरेसचा, जो आज स्पेनच्या मोठ्या संघात खेळतो. सतरा वर्षांच्या पोरांना हे शिकवलेलं असतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्या दिवशी, टीव्हीवर ती मान वळवणं दिसत नाही.

त्यामुळे २०२४ च्या युरोत सातच्या सात मॅच जिंकले तेव्हा मला नवल वाटलं नाही. यामालने फ्रान्सला तो गोल मारला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, फायनलच्या आदल्या दिवशी सतरा झाला. तुर्कीला त्यांच्या घरी जाऊन सहा मारले. माझ्या मते यंदा कप त्यांचाच, आणि ड्रॉ असा केलाय की स्पेन, अर्जेंटिना, फ्रान्स, इंग्लंड हे चौघे आपापला ग्रुप जिंकले तर सेमीफायनलच्या आधी एकमेकांना भेटणारच नाहीत. ब्राझील त्या चौघांत नाही हे लक्षात घ्या, कारण ते फिफा रँकिंगचे पहिले चार आहेत. आणि क्वालिफायिंगमध्ये तर ब्राझील पाचवे आले. पाचवे! एल आल्तोला बोलिव्हियाकडून हरले, मग ऑक्टोबरमध्ये टोकियोत जपानविरुद्ध २-० पुढे असताना ३-२ हरले. हाफटाइमनंतर पहिला गोल खाल्ला आणि संघ ढेपाळला, अँचेलोत्ती बाजूला उभा राहून नुसता च्युइंगगम चावत होता.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. आजपर्यंतच्या २२ वर्ल्ड कपात परदेशी कोच असलेला संघ एकदाही जिंकलेला नाही. अँचेलोत्तीच्या नावावर पाच चॅम्पियन्स लीग असतील पण क्लबमध्ये रोज संघ हाताशी असतो, इथे वर्षातून मोजके दिवस मिळतात. इंग्लंडचं त्यांच्या जर्मन कोचच्या, टुकेलच्या बाबतीत तेच.

रंकाळा_ते_करीरोड

नेरूळवाले, आकडे बरोबर हायत तुमचे, पण एक आकडा माझाबी घ्या. १९७० ला ब्राझील जिंकलं, त्यानंतर थेट १९९४. किती वर्षं झाली? चोवीस. आणि ९४ चा कप कुठं झाला? अमेरिकेत. आता २००२ ते २०२६ किती? मी ह्याला काय शकुन म्हणत न्हाई, पण मला बरं वाटतंय एवढं खरं.

भावा परळकर, आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. मी मूळचा कोल्हापूरचा, वीस वर्षं झाली करी रोडला हाय. आमच्यात पोराला कोण विचारत न्हाई की बाबा तू कुठल्या संघाचा. ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा. पाटाकडील असंल तर पीटीएम, म्हंजी पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी पेठेतला असंल तर शिवाजी तरुण. शाहू स्टेडियमवर मी पयल्यांदा गेलो ते वडिलांच्या खांद्यावर बसून, उन्हात, डोक्याला टॉवेल बांधून, आणि संघ हरला म्हणून घरी येताना वडील रस्त्यात एक शब्द बोलले न्हाईत, फक्त गंगावेशीत थांबून मला दूध पाजलं. संघ जिंकतोय म्हणून आम्ही त्याचे असं कधीच नव्हतं. वर्ल्ड कप आला की त्याच पेठांत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी असे फलक लागायचे, रात्र रात्र वाद चालायचे. ब्राझील आमच्या गल्लीत आलं ते पेलेमुळं, म्हणजे वडिलांच्या पिढीत. आम्ही ते तसंच घेतलं.

आणि ग्रुप बघितलास का? ब्राझील, मोरोक्को, स्कॉटलंड, हैती. ९८ ला पण ब्राझील, मोरोक्को, स्कॉटलंड एकाच ग्रुपात होते, चौथा नॉर्वे. तवा मी कॉलेजात होतो. स्कॉटलंडला २-१, मोरोक्कोला ३-०, आणि नॉर्वेकडून २-१ हरलो तरी फायनल गाठली. त्या ९८ नंतर स्कॉटलंडबी आत्ताच आलंय आणि नॉर्वेबी आत्ताच. नॉर्वे तर यंदा लई भारी हाय, हालंडनं क्वालिफायिंगला सोळा गोल मारलेत, इटलीला मिलानमध्ये जाऊन चार घातले. फ्रान्सच्या ग्रुपात हायत ते, सेनेगलबी तिथंच, फ्रान्सला सोपं जाणार न्हाई. २००२ च्या पयल्याच मॅचला सेनेगलनं फ्रान्सला पाडलं होतं ते इसरू नका.

तवा पोरीला जर्सी घेऊन दे. पण तिला ९८ च्या हरलेल्या फायनलचं, ७-१ चं, सगळं सांग. लपवू नको.

परळचा_पिवळा

दादा, ते गंगावेशीतल्या दुधाचं वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. माझे वडील मिलमध्ये होते, त्यांना फुटबॉल कळत नव्हता, पण ७-१ नंतर सकाळी त्यांनी मला उठवलं नाही, कामावर जायला उशीर झाला तरी झोपू दिलं. आज हे लिहिताना आठवलं.

@नेरूळ_लोकल परदेशी कोचची गोष्ट मला माहीत होती आणि तीच टोचते. पण दुसऱ्या बाजूने बघा, ब्राझीलमध्ये कोचवर इतकं प्रेशर असतं की घरचा माणूस नेमारला डावलायची हिंमत करत नाही. अँचेलोत्तीने अजून एकदाही त्याला बोलावलं नाहीये, फिट असेल तरच येईल म्हणतो. मला नेमार आवडतो, सँटोसपासून बघतोय, पण संघ एका माणसाच्या गुडघ्यावर उभा राहू नये. आणि सेनेगलविरुद्ध नोव्हेंबरमध्ये २-० जिंकलो ती मॅच बघितली का? कासेमिरो आणि ब्रुनो गिमाराइस दोघंच मध्ये, पण पुढचे चौघं मागे धावत येत होते. व्हिनिसियस स्वतःच्या बॉक्सजवळ टॅकल करायला आलेला मी बघितला. हे आधी नव्हतं.

खरी भीती मोरोक्कोची आहे. पहिलीच मॅच, आपल्याकडे १४ जून, रविवार पहाटे साडेतीन.

माहीमची_लेफ्टबॅक

भीती वाटायलाच पाहिजे. २०२३ ला टॅन्जियरमध्ये मोरोक्कोने ब्राझीलला २-१ हरवलंय, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अंडर-२० पोरांनी अर्जेंटिनाला २-० हरवून वर्ल्ड कप उचलला. कतारला सेमीफायनलपर्यंत त्यांनी फक्त एक गोल खाल्ला होता, तोही स्वतःच्याच माणसाकडून लागलेला. त्यांचा राइटबॅक हकीमी माद्रिदमध्ये जन्मलेला आणि त्यानेच स्पेनला शेवटची पेनल्टी मारून घरी पाठवलं, अलगद, मधोमध. मी लेफ्टबॅक खेळायचे, आता दादर-माहीमकडे मुलींना शिकवते, तर मी हकीमी कसा पुढे जातो यापेक्षा तो पुढे गेल्यावर त्याची जागा कोण भरतं ते मुलींना बघायला सांगते.

पण मला वेगळंच लिहायचंय. तुम्ही सगळे मोठ्या संघांबद्दल बोलताय, माझा जीव यंदा केप व्हर्द आणि कुरसावमध्ये अडकलाय. ४८ संघ केले म्हणून खूप लोक नाकं मुरडतात, मॅच १०४ झाल्या, दर्जा घसरणार वगैरे. कुरसावची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, एवढी माणसं आपल्याकडे एका सकाळी दादर स्टेशनातून जातात. केप व्हर्द पाच लाखांचं, त्यांनी ग्रुपमध्ये कॅमेरूनला मागे टाकलं. त्यांचा एक डिफेंडर आहे, पिको लोपेस, जन्म डब्लिनचा, वडील केप व्हर्दचे. त्याला संघात यायचं आमंत्रण लिंक्डइनवर आलं होतं, पोर्तुगीजमध्ये, त्याला वाटलं स्पॅम आहे, कित्येक महिने उत्तरच दिलं नाही. आता तो वर्ल्ड कपात स्पेनविरुद्ध उभा राहणार. एवढासा देश आपली माणसं जगभर शोधून काढतो आणि संघ बांधतो.

आणि आपण? हे लिहिताना घसा दाटतो. ४ जून २०१८ ला मी अंधेरीला होते, केनियाविरुद्ध, छेत्रीची शंभरावी मॅच. त्याच्या आधीच्या मॅचला स्टेडियममध्ये २,५६९ माणसं होती, मग त्याने तो व्हिडिओ टाकला, आम्हाला शिव्या द्या पण मैदानात येऊन द्या म्हणाला, आणि तीन दिवसांत सगळं स्टेडियम भरलं. धो धो पाऊस, ग्राउंडवर पाणी साचलेलं, बॉल पुढे सरकत नव्हता, आणि तरी कोणी जागचं हललं नाही. ३-० जिंकलो, दोन छेत्रीचे. माझ्या शेजारी एक आजोबा होते, रोव्हर्स कपच्या काळात कुपरेजला मॅच बघायचे म्हणाले, ते पूर्ण वेळ पिशवी डोक्यावर धरून उभे. ती माणसं आहेत या शहरात. तरी आपण २०२७ च्या आशिया कपलासुद्धा पात्र झालो नाही, मडगावला सिंगापूरकडून हरलो, ढाक्यात बांगलादेशकडून हरलो. आपला कोच खालिद जमील, त्याने या शहरात वर्षानुवर्षं काम केलंय, त्याची तळमळ मला दिसते, पण आपली लीगच फेब्रुवारीपर्यंत सुरू झाली नाही तर कोच काय करणार. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आपलं घेतलं, त्याची आई मुंबईची आहे, तेव्हा कुठे एक दार उघडलं.

परळकर, तुमच्या लेकीसाठी एक सांगू का? मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात महिलांचा आशिया कप आहे. आपल्या मुली क्वालिफायिंग खेळून त्याला पात्र झाल्यात, चियांग माईला थायलंडला २-१ हरवून, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. २०२२ ला स्पर्धा आपल्याकडेच, नेरूळला होती आणि संघात कोविड निघाला, नियमाला लागतात त्या तेरा जणीपण उभ्या करता आल्या नाहीत, स्पर्धेतून बाहेर. मी त्या रात्री रडले होते. आता परत संधी आलीये, जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेईच्या ग्रुपात. कठीण आहे. पण तिथून जो रस्ता निघतो तो २०२७ च्या महिला वर्ल्ड कपला जातो, आणि तो वर्ल्ड कप कुठे आहे माहितीये? ब्राझीलमध्ये.

गोरेगावचा_निळापांढरा

ताई, हे मला माहीतच नव्हतं. मॅच किती वाजता असतात?

माहीमची_लेफ्टबॅक

ऑस्ट्रेलियात आहेत, म्हणजे आपल्याकडे दिवसाढवळ्या. जागरण नाही काही नाही. व्हिएतनामची मॅच बघा, आपलं सगळं तिच्यावर आहे.

नेरूळ_लोकल

२०२२ ची ती रात्र मलाही आठवते, डी. वाय. पाटील माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. आत प्रवेश नव्हता तरी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. मग कळलं मॅच होणारच नाही.

परळकर, स्पेनबद्दल जे लिहिलं ते कायम, पण तुमची लेक कुठल्याही जर्सीत असली तरी तिला एक मॅच प्रत्यक्ष मैदानात दाखवा. टीव्हीवर फक्त बॉल दिसतो.

परळचा_पिवळा

आत्ता तिला सगळं वाचून दाखवलं. मशिनचं, गंगावेशीचं, मार्टिनेझच्या पायाचं, अंधेरीच्या पावसाचं. लिंक्डइन म्हणजे काय ते विचारलं. मग विचारलं की ब्राझीलला वर्ल्ड कप आहे तर आपल्या मुली तिथे पिवळी जर्सी घालणार का. म्हटलं नाही, आपली निळी. थोडा विचार केला आणि म्हणाली मग मला दोन्ही पाहिजेत.

दोन्ही घेणार. पिवळी फॅशन स्ट्रीटवर मिळेल, निळी तिच्या मापाची कुठे मिळते ते कोणाला माहीत असेल तर सांगा, मी दोन दुकानं फिरलो, मोठ्यांचीच आहे.

ताई, तुमच्याकडे नऊ वर्षांच्या मुली घेता का? रविवारची बॅच किती वाजता असते? १४ जूनला मॅच साडेपाचला संपेल, तिला घेऊन सरळ तिथेच येतो.

माहीमची_लेफ्टबॅक

घेतो ना, सातच्यापण आहेत. रविवारी सकाळी सात वाजता, पावसातपण असते. पण जूनपर्यंत कशाला थांबताय, या रविवारी आणा. स्टड नसले तर साधे कॅनव्हासचे बूट चालतील, पाण्याची बाटली आणि एक जादा टी-शर्ट द्या बरोबर. निळ्या जर्सीचं मी बघते, मागच्या वर्षी आमच्या मुलींसाठी लहान मापाच्या शिवून घेतल्या होत्या, त्यातली एक शिल्लक असेल.